हर्णैच्या वैनी, दुपारचं ऊन आणि मॉनिटरचा ब्राइटनेस

हे हर्णै. समोर पाण्यात दिसतोय तो सुवर्णदुर्ग, आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही दहा बाय दहाची खोली. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, सगळं इथंच. वैनी सकाळी 9 ला शटर वर करतात ते रात्री 8 पर्यंत मॉनिटरसमोर. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं, आणि येणारा जाणारा सांगणार, गुलाबपाणी घाला.

आम्ही आधी मॉनिटरखालची ती बटणं दाबून मेनू उघडला, बघतो तर ब्राइटनेस 100, पिक्चर मोड व्हिविड, म्हणजे दुकानातल्या शोकेसमध्ये चमकायला ठेवतात ना तसाच, तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता.

आता ही कागदाची गंमत बघा. झेरॉक्सचा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी पेटलेली वाटली तर ब्राइटनेस जास्त, कागदापुढे मळकट वाटली तर कमी. वैनींचा आकडा 45 वर येऊन थांबला.

पण खरी भानगड दुपारची. आपला किनारा पश्चिमेचा, 3 वाजले की ऊन पाण्यावरून उसळून सरळ दारातून आत, आणि वैनींची पाठ दाराकडे, त्यामुळे स्क्रीनवर फॉर्म कमी आणि रस्त्यावरची रिक्षा जास्त दिसायची! मग काय, ब्राइटनेस अजून वाढवायचा, दिसत नाही म्हणून. आम्ही टेबलच फिरवलं, दार आता डाव्या हाताला आलं, चकाकी गेली. स्क्रीन ओल्या फडक्यानं पुसली तर फडकं काळं झालं, खारा वारा आणि धूळ, दुसरं काय.

अक्षरं? सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन स्केल 100 चं 125 टक्के केलं. वैनी म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत? कारण वैनी, तुम्हाला चाळिशी लागलीय! वय 44, दोष सगळा कॉम्प्युटरवर. दापोलीला जाऊन नंबर काढून आल्या, मग चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मान वर करावी लागायची म्हणून मॉनिटरही थोडा खाली घेतला.

आणि पापण्या. एरवी माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की ते 5 ते 7 वर येतं, त्यात टेबल फॅन तोंडावर, डोळे सुकणारच. निळा उजेड अडवणारे चष्मे विकणारे खूप आहेत, पण अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, म्हणजे तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना, सरळ सांगते की कॉम्प्युटरसाठी त्यांची गरज नाही. रात्री सेटिंग्जमधलं नाईट लाइट लावून स्क्रीन पिवळसर करा, झोपेला बरं म्हणतात, पण चुरचुर त्यानं जाईल असं नाही. त्यापेक्षा दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघा. 20 फूट कसले, वैनींना तर डावीकडे मान वळवली की अख्खा सुवर्णदुर्ग.

आता जूनमध्ये परत आलोय. बाहेर भर दुपारी अंधार, पाऊस आडवा, आणि तोच 45 चा आकडा डोळ्यांत घुसतोय. वैनींनी मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टी लावून पेननं लिहून ठेवलंय: उन्हाळा 60, पाऊस 30, रात्र 25. खाली बारीक अक्षरात, पंखा बंद.