फेऱ्या मोजू नका, घड्याळ बघा

(दृश्य: सकाळ. पणजीतला कांपालचा जलतरण तलाव. दोन-तीन लेनमध्ये पोहणारे, सगळे एकाच संथ लयीत.)

2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली जलतरणाची पदकं याच तलावात ठरली. महाराष्ट्राचे वीरधवल आणि ऋजुता खाडे, हे पती-पत्नी, 50 मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णपदकं इथूनच घेऊन गेले. एरवी इथं येणारे बहुतेक जण तंदुरुस्तीसाठी पोहतात. त्यांतल्या अनेकांचा सराव ठरलेला असतो: 20 फेऱ्या, एका दमात, एकाच वेगानं. एक किलोमीटर होतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने दम वाढतो, मग सगळं जागच्या जागी राहतं, कारण शरीराला तो किलोमीटर पाठ झालेला असतो.

पुढं सरकायचं तर आधी आपला टिकाऊ वेग माहीत हवा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. नीट वॉर्म-अप करून 400 मीटर जमेल तितक्या जोरात पोहा आणि वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटं अगदी हळू पोहत, श्वास शांत करत काढा. मग 200 मीटर, तितक्याच जोरात. पहिल्या वेळेतून दुसरी वजा करा आणि दोनानं भागा. समजा 400 ला 8 मिनिटं 20 सेकंद लागले आणि 200 ला 4 मिनिटं. फरक 260 सेकंदांचा, त्याचे निम्मे 130. म्हणजे दर 100 मीटरला 2 मिनिटं 10 सेकंद, हा तुमचा टिकाऊ वेग.

ही चाचणी दोन ठिकाणी फसते. 400 ची सुरुवात फार जोरात केली, तर शेवटचे 100 मीटर कोसळतात, फरक वाढतो आणि आपण आहोत त्याहून संथ ठरतो. उलट, थकून 200 अंग राखून पोहलो तर फरक कमी येतो. कागदावर वेग छान दिसतो आणि पुढच्या आठवड्यातला प्रत्येक सेट अर्ध्यावर मोडतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. चाचणी दर वेळी एकाच तलावात घ्यावी. 25 मीटरच्या तलावात भिंतीला मारलेले धक्के दुप्पट मिळतात, त्यामुळे 50 मीटरच्या तलावातल्या वेळेशी ती वेळ जुळत नाही.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. लाल काटा वर येताच एक जण निघतो.)

आता मुख्य सेट. 100 मीटर, दहा वेळा, प्रत्येक 2:10 मध्ये, आणि दर अडीच मिनिटांनी निघायचं. हातात 20 सेकंदांची विश्रांती उरते. पहिले तीन सोपे वाटतील, वाटलेच पाहिजेत. पहिलाच शंभर दोन मिनिटांत मारला, तर सातव्याला त्याची वसुली होते. वेळ लागोपाठ दोनदा चार सेकंदांहून जास्त घसरली, की सेट तिथंच थांबवावा. त्यापुढचं पोहणं म्हणजे बिघडलेल्या हाताचा सराव.

घड्याळाबरोबर हातही, म्हणजे स्ट्रोकही मोजा. 50 मीटरला सुरुवातीला 48 हात लागत असतील आणि सेटच्या शेवटी 54, तर कोपर खाली पडू लागलं आहे.

आठवड्यात तीन दिवस पाण्यात असाल, तर हा सेट एकाच दिवशी. दुसरा दिवस तंत्राचा. तिसऱ्या दिवशी 25 मीटरचे पूर्ण ताकदीचे बारा तुकडे, मध्ये 40 सेकंद थांबून, आणि त्यानंतर सलग 600 ते 800 मीटर निवांत. एकूण अंतर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावं, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करावं. मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीकडे बघून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. शरीर आडवं असतं, पाण्याच्या दाबानं रक्त छातीकडे ढकललं जातं, त्यामुळे त्याच मेहनतीला नाडी जमिनीवरच्यापेक्षा बहुधा कमी पडते. धावण्याचे आकडे इथं लावू नयेत.

वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो. म्हणून जोर वाढवण्याआधी अडथळा कमी करणं स्वस्त पडतं. तंत्राच्या दिवशी मुठी आवळून 50 मीटरचे चार तुकडे पोहा. तळहात नसला की पाणी ढकलायला कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरावाच लागतो: बोटं तळाकडे, कोपर वर. मूठ उघडताच पाण्याची पकड जाणवते. हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जात असेल, तर शरीर सापासारखं वळतं आणि खांद्याचा पुढचा भाग चिमटला जातो.

पायांचं दुखणं गोव्यात वेगळंच दिसतं. फुटबॉल खेळलेल्यांचे घोटे अनेकदा इतके कडक असतात, की किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून ते जागेवरच राहतात, कधी चक्क मागं जातात. अशांना आणखी किक मारून फारसा फायदा नाही. रोज दोन मिनिटं वज्रासन, गुडघ्याला त्रास नसेल तर, आणि पाण्यात पाठीवर पडून किक. गुडघे पाण्याबाहेर दिसता कामा नयेत.

(दृश्य: तलावाच्या काठावर रबरी पट्टा ओढणारी पोहणारी.)

खांदा हा या व्यायामाचा कच्चा दुवा. काखेत गुंडाळलेला टॉवेल, कोपर अंगाला चिकटलेलं, आणि पट्टा बाहेरच्या दिशेनं ओढायचा: 15 वेळा, दोन सेट, आठवड्यात तीनदा. त्याला पट्ट्यानंच रोइंग आणि प्लँकची जोड द्या. पॅडल, म्हणजे तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या, तळहातापेक्षा थोडेच मोठे घ्या. मोठे पॅडल खांद्यावर जो भार टाकतात, तो पेलायची तयारी पट्ट्याच्या व्यायामाशिवाय होत नाही. हात वर नेताना पुढून कळ येत असेल, तर पॅडल दोन आठवडे पिशवीत. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

श्वास रोखून पाण्याखाली लांब जाण्याच्या पैजा लागतात. त्या लावू नका. आधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घेण्याची निकड जाणवतच नाही आणि माणूस सूचना न मिळता बेशुद्ध होतो. नेहमीच्या पोहण्यात करायचं ते उलट: चेहरा पाण्यात असेपर्यंत नाकानं सतत हवा सोडायची. दम लागतो तो बऱ्याचदा आत साठवून ठेवलेल्या श्वासामुळे.

(दृश्य: मिरामारचा किनारा. पलीकडे आग्वादचा किल्ला.)

पावसाळ्यात समुद्र बंद म्हणजे बंद. ऑक्टोबरपासून पुढं तलावातली मंडळी इथं दिसू लागतात. 2019 पासून मिरामारला आयर्नमॅन 70.3 ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी स्पर्धा होऊ लागली, तिच्यात 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं असतं. पाणी इतकं कोमट, की वेटसूटचा, म्हणजे अंग उबदार आणि तरंगतं ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा प्रश्न येत नाही. इथंच पुल बॉय, म्हणजे पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा, मांडीत धरून महिनाभर पोहलेल्यांचे पाय बुडतात. स्पर्धा डोक्यात असेल, तर पुल बॉय एकूण अंतराच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे वापरू नये.

मांडवीच्या मुखाजवळ भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच उतरा. ओहोटीला नदी समुद्राकडे ओढते, आणि ती ओढ किनाऱ्यावरून दिसत नाही. जीवरक्षक कामावर असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, किनाऱ्याला समांतर. कमरेला नारिंगी बॉय, म्हणजे लांबून दिसणारा तरंगता फुगा, सोबत एक जण. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून ठरवलेली खूण बघायची. अख्खं डोकं उचललं की कंबर खाली जाते. समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात, तर त्याच्याशी झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. नदीत किंवा कालव्यात सराव करायचं मनात असेल, तर कुंभारजुव्याचा कालवा सोडून द्या. तिथं मगरी आहेत.

मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावून उतरा, खाऱ्या पाण्यात कातडी घासून सोलते. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन जीवरक्षकाला दाखवा. श्वासाला त्रास झाला किंवा चेहरा सुजला, तर थेट इस्पितळ. कोमट पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही, म्हणून बाहेर आल्यावर आधी पाणी, मग मीठ घातलेली पेज, आणि जेवणात बांगडा असला तर उत्तमच.