शिंग, तुंबडी आणि प्लॅस्टिकचा कप

(पडद्यावर: गाईचं पोकळ शिंग, वाळलेला कडू भोपळा, काचेचा पेला)

सुश्रुतसंहिता हा आयुर्वेदातला शस्त्रवैद्यकाचा जुना ग्रंथ. त्याच्या सूत्रस्थान या भागातला 13वा अध्याय मुख्यतः जळवांचा. राजे, श्रीमंत, मुलं, म्हातारे, भित्रे यांचं रक्त काढायचं तर जळूसारखा सौम्य उपाय नाही, असं तिथे सांगितलंय. बाकीच्यांनी काय ते सोसावं! शिंग आणि तुंबडी, म्हणजे पोकळ भोपळा, त्याच अध्यायात थोडक्यात येतात. वाताने बिघडलेल्या रक्ताला गाईचं शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. आधी कातडीवर बारीक चरे पाडायचे. शिंगाला पातळ कापड बांधून तोंडाने हवा ओढायची. भोपळ्यात मात्र दिवा ठेवायचा.

(ज्योत विझते, कातडी वर उचलली जाते)

दिव्याने आतली हवा तापते. तोंड अंगाला चिकटलं की ज्योत विझते, हवा निवते, दाब उतरतो आणि कातडी आत ओढली जाते. पुढे काच आली, आता प्लॅस्टिकचा कप आणि हातपंप. ओढ तीच.

महाराष्ट्रात तुंबडी गावोगाव फिरली ती भटक्या वैदूंच्या झोळीतून, झाडपाल्याच्या औषधांबरोबर. पाठ धरली, गुडघा सुजला की वैदूला हाक जायची. शस्त्रवैद्याचं हे साधन ग्रंथातून भटक्यांकडे आलं, की भटक्यांकडून ग्रंथात गेलं? आम्हाला दुसरी शक्यता जास्त पटते.

(शहरातला युनानी दवाखाना)

शहरात हाच उपचार हिजामा म्हणून चालतो. युनानी वैद्यकात तो शिकवला जातो आणि अनेक मुस्लिम कुटुंबांत त्याला धार्मिक आदरही आहे. इस्लामी चांद्र महिन्याच्या 17, 19 आणि 21 या तारखा त्यासाठी उत्तम मानतात. बाकीच्या जगाचं लक्ष गेलं ते 2016 साली, रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल पाहून.

ते गोल म्हणजे काय? ओढीने कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात, रक्त तिथेच पसरतं. मुका मार लागल्यावर होतं तेच. काही दिवसांत डाग फिकटतो. तरीही ‘डाग जितका काळा तितकं विष जास्त’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. चरे पाडून काढलेलं रक्त कपात साकळून गडद होतं, आणि तेच दाखवून ‘बघा, घाण निघाली’ म्हणतात. घाण वगैरे काही नसते ती. रक्त स्वच्छ ठेवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात.

मग आराम पडतो तो? मान आणि कंबरदुखीत काहींना थोडे दिवस बरं वाटल्याचं अभ्यासांत दिसतं. पण अभ्यासात तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी देतात, तसा खोटा कप देणं सोपं नाही; पाठीवर ओढ बसली की नाही, हे रुग्णाला बहुधा कळतंच. त्यामुळे गुण ओढीचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

(सीलबंद ब्लेड, हातमोजे)

कोरड्या, म्हणजे चरे न पाडता लावलेल्या कपाने फार तर फोड येतो किंवा विस्तवाने भाजतं. चरे पाडायचे म्हटलं की गोष्ट वेगळी. एकाचं ब्लेड किंवा कप दुसऱ्याला वापरला, तर हिपॅटायटिस बी पसरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्त लवकर थांबत नसेल, पंडुरोग (रक्तक्षय) असेल, तर रक्त काढायला पाठ पुढे करू नये. बाकीच्यांनी ब्लेडचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं, कपही नवाच मागावा. त्यात भिडस्तपणा नको.