येरवड्याहून परत येणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात कुणी वैतागून म्हणालं, ‘आता येरवड्यालाच जायची वेळ आलीय’, तर तुरुंगात की मनोरुग्णालयात, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. दोन्ही तिथंच आहेत. आज बोलायचंय ते या दोन्ही फाटकांशी संबंध आलेल्या माणसाबद्दल.

आजाराच्या भरात हातून गुन्हा घडला, आपण काय करतोय हे त्याला कळतच नव्हतं, म्हणून कोर्टानं सोडलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २२; जुन्या दंडविधानातलं ८४. पण सुटला तरी लगेच घरी नाही. याला मोकळं केलं तर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही, असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं. तेव्हा पेन जड होतं, खरं सांगते.

कारण ‘वेडा म्हणजे धोकादायक’ हे आम्हा डॉक्टरांच्याही मनात असतं. अमेरिकेत जॉनी बॅक्स्ट्रॉम नावाचा कैदी शिक्षा संपूनही बंदोबस्ताच्या इस्पितळात डांबलेला होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं आणि न्यूयॉर्क राज्यातले त्याच्यासारखे साडेनऊशेहून जास्त रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. सगळे ‘धोकादायक’ शिक्का बसलेले. पुढं चार वर्षं पाहिलं, तर परत पाठवावे लागले ते फार थोडे.

मग बघायचं काय? १९९८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पुन्हा गुन्हा होईल का, हे आजाराच्या नावावरून फारसं कळत नाही. आधीचे गुन्हे, समाजविरोधी वागण्याची सवय, घरची घडी, यांवरून कळतं. म्हणजे आजार नसलेल्या गुन्हेगाराचं जसं, तसंच. दारू, गांजा तर विचारायलाच हवा.

पुन्हा हिंसा होण्याचा धोका जोखायची एचसीआर-२० नावाची एक पद्धत आहे. वीस मुद्दे: दहा मागच्या आयुष्याचे, पाच आजच्या स्थितीचे, पाच पुढचे. गुणांची बेरीज करून निकाल लावायचा नसतो, विचार करायचा असतो. मागचे दहा बदलत नाहीत. माझा वेळ जातो तो शेवटच्या पाचांत. राहणार कुठं? गोळ्या कोण आणणार? सोबत कोण?

सोबतीला सत्तरीची आई. भावाला फोन लावला, तर तो म्हणतो, ‘मॅडम, पोरीचं लग्न होईस्तोवर ठेवा की तिकडंच.’

मी ‘आधार अपुरा’ अशी खूण करते. धोका वाढतो तो रुग्णाच्या कागदावर, भावाच्या नाही.