आर्थर विंट ड्राइव्हवरचं फाटक

(दृश्य: पहाट. ब्लू माउंटन्सच्या माथ्यावर उजेड. खाली किंग्स्टन शहर अजून अर्धवट झोपेत.)

जमैकात लहान मुलाला 'पिकनी' म्हणतात. पोर कुणाचंही असो, ते पिकनी. बेटावरच्या कुठल्याही गावात पिकनी फार आजारी पडलं आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं, की चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच पत्ता लिहिला जातो : बस्टामांटे हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन, आर्थर विंट ड्राइव्ह, किंग्स्टन.

समजा, मूल सव्हाना-ला-मारचं आहे. बेटाच्या पार पश्चिमेला, समुद्रकाठचं गाव. तिथून किंग्स्टन साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे पुणे-कोल्हापूरएवढंही नाही. पण मांडीवर तापानं फणफणलेलं पोर असलं की किलोमीटर कोण मोजतं? वाटेत स्पर ट्री हिलचा घाट लागतो. वळणावर वळण. प्रत्येक वळणाला आई पोराचं डोकं छातीशी धरते.

(दृश्य: रुग्णालयाचं फाटक. एका हातात पिशवी, कडेवर मूल घेतलेल्या बायका.)

ज्या आर्थर विंट यांचं नाव या रस्त्याला आहे, ते स्वतः डॉक्टर होते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर धावून त्यांनी जमैकाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. मग वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं, मायदेशी परतले आणि हॅनोव्हर परगण्यात, जिथे दुसरा डॉक्टरच राहत नव्हता, तिथे दवाखाना चालवला. मुलांच्या रुग्णालयाकडे नेणाऱ्या रस्त्याला याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.

ही जागा मुळात सैनिकांची. शेजारीच अप पार्क कॅम्प ही जुनी ब्रिटिश छावणी, आणि इथे त्या लष्कराचं रुग्णालय होतं. ६ ऑगस्ट १९६२ला जमैका स्वतंत्र झाला. उण्यापुऱ्या १६ लाख वस्तीचा देश; तिजोरीत फारसं काही नाही. तरी दुसऱ्याच वर्षी, १९६३मध्ये, सैनिकांच्या त्या वॉर्डांमध्ये मुलांच्या खाटा लागल्या. पहिले पंतप्रधान सर अलेक्झांडर बस्टामांटे यांचं नाव रुग्णालयाला मिळालं. मळ्यांतल्या आणि गोदीतल्या मजुरांच्या लढ्यातून वर आलेला हा माणूस. तेव्हापासून आजतागायत, जन्मल्या दिवसापासून बारा वर्षांपर्यंतचं मूल इथे येतं. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांमध्ये फक्त मुलांसाठी असं रुग्णालय कित्येक दशकं हे एकच होतं. म्हणून शेजारच्या बेटांवरूनही मुलं इथे पाठवली जातात.

(दृश्य: अगदी जवळून. बाळाचा हात, त्यावर परिचारिकेची बोटं.)

मुलांसाठी वेगळं रुग्णालय कशाला, असं कुणी विचारलं तर हा हात दाखवावा. मूठ लिंबाएवढी. शीर दोऱ्यासारखी, आणि पाणी कमी पडलेल्या बाळाची तर तीही आत दडून बसलेली. परिचारिका आधी अंगठ्यानं कातडी हळूच ताणते, चाचपते, थांबते. सुई एकदाची शिरेत गेली की सलाईनची नळी चिकटपट्टीनं बसवते आणि हाताखाली छोटी फळी बांधते. नाहीतर बाळ झोपेतच सगळं उपटून टाकतं. औषध मोजायचं ते वजनाच्या किलोवर. मोठ्या माणसाच्या वॉर्डात थेंबभर चूक खपून जाईल. इथे नाही.

इथल्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारावी लागते : घरी काय दिलंत? प्रत्येक घरात आजी आहे आणि आजीकडे काढा आहे. जमैकात सर्वांत लाडका काढा सेरासीचा, म्हणजे आपल्या कारल्याच्या रानवेलीचा. कडू तो तिथेही कडूच! पण काही पाले घातक निघाले. किंग्स्टनच्या डॉक्टरांनी १९५४ साली दाखवून दिलं, की पोट फुगून, यकृत सुजून येणाऱ्या कित्येक मुलांच्या दुखण्याचं मूळ काढ्यात वापरलेल्या खुळखुळ्याच्या जातीच्या झाडात होतं. शेंग वाजवत आपली पोरं खेळतात ना, तोच खुळखुळा.

आणि ॲकी. देशाचं राष्ट्रीय फळ, खाऱ्या माशाबरोबर सकाळच्या न्याहारीला. लाल फळ झाडावरच आपणहून उकललं, आतल्या काळ्या बिया दिसू लागल्या, की मगच उतरवायचं. न उकललेल्या फळात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं. त्यानं शरीराला साखर तयार करता येत नाही. रिकाम्या पोटी, आधीच हडकलेल्या मुलाला आधी उलट्या, मग गुंगी, मग शुद्ध जाते. शिरेतून वेळेवर साखर चढवली तर मूल हाती लागतं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात मुलं दगावत होती, तिथेही याच विषाचा माग लागला. जमैकानं आपल्या पिकनींच्या जिवावर जे शिकून घेतलं होतं, ते आपल्याला इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं.

(दृश्य: एका आईचा तळहात, मुलाच्या पोटावर डाव्या बाजूला, फासळ्यांच्या खाली.)

आता या हाताकडे नीट पाहा.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापांकडून येणारा आजार. हा शब्द विदर्भात समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोलीत, मेळघाटात, तिकडे नंदुरबारात घराघरांना तो ठाऊक आहे. जमैकात दर दहा माणसांत एकाच्या रक्तात त्याची खूण आहे, आणि दर दीडशे बाळांमागे एक तो आजार घेऊन जन्मतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांकडून आलेलं हे रक्त. लहानग्यांना यात एक मोठा धोका प्लीहेचा, म्हणजे पोटात डावीकडे, फासळ्यांआड असलेल्या रक्त गाळणाऱ्या अवयवाचा. अचानक अंगातलं रक्त प्लीहेत साठायला लागतं, पोर पांढरंफटक पडतं, आणि काही तासांत दगावूही शकतं. घाटातून किंग्स्टन गाठेपर्यंत उशीर झालेला असतो.

१९७३ साली किंग्स्टनमध्ये डॉ. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांचं रक्त तपासायला सुरुवात केली. एकूण एक लाख बाळं तपासली. ज्यांच्यात आजार सापडला त्यांच्या आयांना जवळ बसवून त्यांनी एक गोष्ट शिकवली : रोज पोटावर हात ठेवा. इथे, डावीकडे. प्लीहा बोटांना कशी लागते ते ओळखून ठेवा. वाढलेली वाटली, तर थांबू नका, निघा.

आधी अशा १०० झटक्यांमागे २९ मुलं जात होती. आयांना शिकवल्यावर ३. यंत्र नाही, नवं औषध नाही. आईची चार बोटं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. पण एक आहे : आईनं ओळखलं, ती निघाली, तर पुढे दार उघडं पाहिजे. रक्त तयार पाहिजे, ते चढवणारी माणसं जागी पाहिजेत. आई निघते ती त्या दाराच्या भरवशावर.

(दृश्य: केसपेपरची खिडकी.)

त्या दारात पैशाची अट होती, तीही गेली. मे २००७पासून जमैकाच्या सरकारी रुग्णालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांची फी बंद झाली. पुढच्या वर्षी मोठ्यांचीही. गर्दी अर्थातच वाढली. बाकांवर जागा नसते, आया भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यात शिकून तयार झालेल्या परिचारिका अमेरिकेला, कॅनडाला, इंग्लंडला जातात. त्यांना दोष कसा द्यावा? चांगल्या पगारासाठी गाव सोडणं आपल्यालाही नवं नाही. मागे राहिलेल्या मात्र दोघींचं काम एकटीनं उचलतात, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हृदयाला छिद्र घेऊन जन्मलेल्या मुलांनी तर फार वाट पाहिली. परदेशातून शल्यविशारदांचं पथक येईल तेव्हा नंबर लागायचा, किंवा पैसे जमवून विमानानं बाहेर जायचं. २०१७मध्ये याच आवारात मुलांसाठी हृदयशस्त्रक्रियेचं केंद्र उभं राहिलं. ब्रिटनच्या 'चेन ऑफ होप' या संस्थेनं आणि इतर अनेकांनी हात लावला. गायक शॅगी, किंग्स्टनचाच मुलगा, या रुग्णालयासाठी वर्षानुवर्षं मैफली करत आला आहे. जानेवारी २०१८च्या मैफलीत इंग्लिश गायक स्टिंगही त्याच्याबरोबर गायला, आणि एका रात्रीत दहा कोटी जमैकन डॉलर जमले. त्या पैशातून यंत्रं येतात. त्या यंत्रांवर कुणाचं तरी पिकनी श्वास घेतं.

पश्चिमेला मॉन्टेगो बे इथे चीनच्या मदतीनं २२० खाटांचं मुलांचं आणि किशोरांचं रुग्णालय बांधायला घेतलं गेलं. सव्हाना-ला-मारच्या आईला मग स्पर ट्री हिल चढावी लागणार नाही.

(दृश्य: दुपार कलती. फाटकाबाहेर रूट टॅक्सी, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची शेअर टॅक्सी, थांबलेली.)

आज मात्र ती त्याच वाटेनं परत निघाली आहे. पोराचा ताप उतरलाय. हातावर चिकटपट्टीचा चौकोनी डाग तेवढा राहिलाय, आणि ते तो नखानं खरवडतंय. पर्समध्ये कार्ड, कार्डावर पुढची तारीख. गाडी सुरू होते. पोर मांडीवर पेंगायला लागतं, तशी ती त्याचा शर्ट जरासा वर करते आणि डाव्या फासळीखाली चार बोटं टेकवते.