घरच्या भट्टीत ॲल्युमिनियम: सगळा खेळ ओलीचा

कोल्हापूरकराला ओतकाम नवीन नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इकडं पिढ्यानपिढ्या बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं जातंय, ऑइल इंजिनचे पार्ट, पंपाचे केसिंग, काय म्हणाल ते. पण बीड वितळायला १२०० डिग्रीच्या आसपास जावं लागतं, ते काय घरी करायचं काम नव्हे. ॲल्युमिनियम मात्र ६६० डिग्रीला पातळ होतं, आणि म्हणूनच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा दुसराच आहे पण रविवारी परसात भट्टी पेटवल्याशिवाय चैन पडत नाही, अशा आमच्यासारख्यांचं जमतंय.

आज ओतायचीय एक पुली, जुन्या ड्रिल मशीनची. बेल्टची खाच नंतर लेथवर काढायची, आत्ता नुसती भरीव चकती.

आधी भंगार. थंड पेयाचे कॅन घेऊन बसू नका. पत्रा पातळ, वर रंग, निम्मा माल मळ होऊन जातोय की काय असं वाटतं. स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शनही ओतायला बरे नाहीत, नीट वाहत नाहीत आणि थंड होताना तडकतात. आपल्याला पाहिजे मुळातच ओतून बनवलेला माल: पिस्टन, इंजिनचे कव्हर, गाडीचं अलॉय व्हील. व्हीलच्या मालात साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, पिस्टनमध्ये बहुतेक वेळा त्याहून जास्त, आणि सिलिकॉनमुळेच पातळ धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. एक मात्र सांभाळा, मॅग्नेशियमचा तुकडा चुकून आत जाऊ देऊ नका, तो पेटला तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या कामात लोक आगीला घाबरतात, घाबरावंच, पण खरी भीती पाण्याची आहे. हा पिस्टन बघा, पिनच्या भोकात तेल, खोबणीत रात्रीचं दव. हा असाच वितळलेल्या धातूत बुडाला तर आतल्या थेंबाची वाफ होणार, आणि पाण्याची वाफ झाली की जागा लागते जवळजवळ १६०० पट. धातू सरळ तोंडावर उडतो. म्हणून प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या झाकणावर तापवायचा, मग चिमट्याने आत. झारा, चिमटा, उरलेला धातू ओतायचे साचे, सगळं तापवून घ्यायचं. आणि ओतायचं ते कोरड्या वाळूच्या थरावर उभं राहून. काँक्रीटवर कधीच नाही, कारण वरून कोरडी दिसणारी फरशी आतून ओली असते, धातू सांडला की फुटून उडते. अंगात सुती कपडे, चामड्याचे बूट, तोंडावर शील्ड. नायलॉन अंगाला चिकटतं. सिलिंडर लांब, आणि तो स्वयंपाकघरातला नाही, कमर्शियलचा.

गंमत अशी की साच्यात मात्र पाणी लागतंच. बारीक सिलिका वाळू, त्यात आठ-दहा टक्के बेंटोनाइट, म्हणजे कच्छकडून येते ती माती, आणि तीन-चार टक्के पाणी. मोजमाप ठीक आहे, पण हात जास्त खरं सांगतो. मूठभर वाळू लाडू वळल्यासारखी दाबायची. बोटांचे ठसे स्वच्छ उठले, आणि मधून मोडल्यावर कडा धारदार राहिली, भुगा झाला नाही, तर वाळू तयार. तळव्याला ओल लागली तर पाणी जास्त झालं, पसरून वाळवा आणि परत मळा. घाई नको.

आता पॅटर्न, म्हणजे पुलीच्या आकाराचा नमुना, साच्याच्या दोन भागांच्या बॉक्समध्ये ठेवायचा, टॅल्कम पावडर मारायची, वाळू ठोकत भरायची, दोन्ही बॉक्स वेगळे करून पॅटर्न अलगद काढायचा. धातू जायला वाट, आणि जाड भागाच्या, म्हणजे मधल्या हबच्या, डोक्यावर रायझर. ॲल्युमिनियम गोठताना सहा-सात टक्के आकसतं, ती तूट भरायला वर पातळ धातूचा साठा लागतो, नाहीतर हबच्या मधोमध खड्डा पडलाच म्हणून समजा.

भट्टी पेटली. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, ग्रॅफाइटची, लोखंडी डबा बरेच जण वापरतात पण लोखंड हळूहळू ॲल्युमिनियममध्ये विरघळतं आणि माल ठिसूळ होतो. इथं पुन्हा पाणीच आडवं येतं बघा. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन निघतं, ती वाफ तापलेल्या धातूला लागली की ऑक्सिजन धातू घेतो आणि हायड्रोजन आत मुरतो. पातळ असताना भरपूर मुरतो, गोठताना त्याला आत जागाच उरत नाही, मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. कास्टिंग कापून पॉलिश केलं की ती दिसतात. कारखान्यात नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून हा गॅस काढतात. घरी उपाय एवढाच: ज्योत धातूवर मारायची नाही, उगाच ढवळायचं नाही, आणि ७२०-७३० च्या वर तापवत बसायचं नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, घ्याच, कारण दिवसाउजेडी ॲल्युमिनियम लाल दिसतच नाही, नुसतं चांदीसारखं चमकतं, आणि नजरेला फसवतं.

झाऱ्याने वरची करडी साय बाजूला केली की खाली आरसा! दोन सेकंद टिकतो, मग पुन्हा धूसर पापुद्रा येतो. तो ऑक्साइड, त्याचा वितळायचा अंक २००० डिग्रीच्या वर, म्हणजे आत गेला तर तसाच राहणार. म्हणून मूस साच्याच्या जवळ आणायची आणि एका धारेत, न थांबता, न उसळवता ओतायचं, रायझर काठोकाठ भरेपर्यंत.

पुली निघाली. वाळू झटकली, रायझर करवतीने कापला, तो परत भंगारात. हबचा भाग कापून बघायची गरज नाही, लेथवर मधलं भोक, म्हणजे बोअर, करताना आतलं सगळं कळतं, आणि हा बोअर स्वच्छ आला.

जून लागला की आमची भट्टी बंद. हवाच ओली, वाळू ओली, भंगार ओलं, कशाला जीव धोक्यात घाला. तेव्हा पॅटर्नची कामं काढतो. थंड होताना आकसतं म्हणून १०० मिलिमीटरला १.३ जास्त, मशीनिंगसाठी वर अजून दोन-तीन, आणि बाजूंना थोडा उतार, म्हणजे वाळूतून निघताना कडा मोडत नाहीत. सध्या सागवानात लेथच्या हँडव्हीलचा पॅटर्न चाललाय, त्याचे आरे पातळ आहेत, तिथं धातू पोचेल का हे आता दसऱ्यानंतर बघू.