पत्र कधी येणार?

मंडळी, चाळीस मिनिटं ठरली होती, त्यातली बरीचशी माझा परिचय करून देण्यातच गेली. तक्रार नाही, कानाला गोड लागत होतं.

पत्रिकेत विषय भारदस्त आहे: ‘आश्रयार्थींचं मानसिक आरोग्य आणि सामाजिक घटक’. लोकांना वाटतं, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे हा आता युद्ध, छळ, बोटीतला प्रवास यांवर बोलणार. ते आहेच. पण इथे ब्रिटनमध्ये माझ्याकडे येणारा आश्रयार्थी, म्हणजे आश्रय मागून निकालाची वाट बघणारा माणूस, आधी विचारतो, “डॉक्टर, माझं पत्र कधी येणार?” पत्र म्हणजे त्या निकालाचं. माझं म्हणणं एवढंच, की तिथे सोसलेलं तर छळतंच, पण इथलं ताटकळणंही माणसाला आजारी पाडतं.

एक शिंपी होता. देश सांगत नाही. निकाल लागेपर्यंत सरकारने त्याला हॉटेलात ठेवलेलं. हॉटेल म्हटलं की काहींना पोहण्याचा तलाव दिसतो. याच्या वाट्याला आली अनोळखी माणसाबरोबर एक खोली आणि धड न उघडणारी खिडकी. झोप नाही, भूक नाही, मी गोळ्या वाढवतोय. (हसा, हसा.) मग कुणीतरी त्याला जुनं हातमशीन दिलं. शेजाऱ्यांच्या पँटी आखूड कर, पोरांच्या जॅकेटच्या चेन बदल, सगळं फुकटात. पुढच्या खेपेला स्वारी दाढी करून हजर! माझ्या पँटकडे बघून म्हणाला, “अर्धा इंच लांब आहे.” होतीच. आणि मग व्यवस्थापकाने मशीन उचलून नेलं, का तर आगीचे नियम. अहो, हाताने फिरवायचं मशीन! मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आपलं पत्र मिळालं.’ असा कारकून आपल्या मंत्रालयात पहिल्याच दिवशी बढती मिळवेल. शिंप्याची झोप पुन्हा उडाली.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळतपळत.

काम: 2002 पर्यंत आश्रयाचा अर्ज केल्यावर सहा महिन्यांनी कामाची परवानगी मागता यायची. आता वर्षभर निकाल लागला नाही तरच, आणि तीही सरकारी यादीतल्या कामांपुरती. पैसा: हॉटेलात जेवण मिळत असेल तर हातात आठवड्याला दहा पौंडांच्या आत. पोर्टर आणि हॅस्लम या संशोधकांनी 2005 मध्ये निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावरचे 56 अभ्यास एकत्र तपासले. कमाईची संधी नसलेले, सरकारी निवाऱ्यात ठेवलेले जास्त खचलेले दिसले. आणि मायदेशी जास्त शिकलेले, सुस्थितीतले होते, तेही. सिडनीतल्या मँडियन (इराक-इराणकडचा एक छोटा धर्मसमूह) निर्वासितांचा अभ्यास 2006 चा: तात्पुरता व्हिसा असलेल्यांना कायम वास्तव्य मिळालेल्यांपेक्षा जास्त त्रास. मागची संकटं हिशेबात धरली तरी हातातल्या कागदाचा फरक उरलाच.

आणि आश्रय मंजूर झाला की सुटला, असंही नाही. सरकारी निवारा सोडायला कित्येक वर्षं 28 दिवसांची मुदत होती. तेवढ्यात घर, बँक खातं, नोकरी! आनंदाच्या पत्रामागून बाहेर पडायचं पत्र.

एकाकीपणा, भाषा, वंशद्वेष, बायकामुलांना आणण्याचे नियम हे राहूनच गेलं. चहाला थांबतोय, तिथे विचारा.