काळं कुंकू आणि लंडनचा सूर्य

पत्रिकेत विषय छापलाय, ‘ओलाफुर एलिआसन : दृष्टी आणि सार्वजनिक जागा’. तिथवर पोचणार आहे, पण पेठेतनं जाणार. चालवून घ्या.

1997 साली या एलिआसन नावाच्या कलाकारानं एक खोली केली. आत वस्तू काही नाही, छताला फक्त एकाच तरंगलांबीचा पिवळा उजेड देणारे दिवे. त्या उजेडात पिवळं आणि काळं एवढंच उरतं. लाल-हिरवं दिसणार कुठनं? ते मुळात उजेडातच नाही. हे वाचलं आणि मी आमच्या मंडळाच्या पोरांना म्हटलं, यंदा देखावा नको, डॉल्बी तर नकोच, मांडवात असले दिवे लावू. अध्यक्ष म्हणाला, “खर्च कमी हाय न्हवं? मग लावा की, सर.” (हशा) आधुनिक कलेला कोल्हापुरात मिळालेला एवढा भक्कम पाठिंबा मी पुन्हा पाहिला नाही.

लो-प्रेशर सोडियमचे जुने दिवे शोधून आणले. पहिल्या आरतीला शेजारच्या काकी आल्या, हिरवागार शालू नेसून. मांडवात पाऊल टाकलं आणि शालू काळा. त्यांनी सुनेकडं बघितलं, सुनेनं त्यांच्याकडं, आणि दोघी एकदम ओरडल्या, “अगं बाई, कुंकू!” दोघींचंही काळंठिक्कर. कुणी केलं हे म्हटल्यावर सगळी बोटं माझ्याकडं. सणासुदीला सवाष्णीला तरंगलांबी समजावून सांगायची वेळ वैऱ्यावर येऊ नये! तेवढ्यात एका पोरानं मोबाइलची बॅटरी काकींच्या कपाळावर मारली. तेवढ्या गोलात कुंकू लाल. बॅटरी हलली, परत काळं. मग काय, पोरांना नादच लागला. गुलालावर मार, एकमेकांच्या शर्टावर मार. खुद्द काकींनी बॅटरी मागून घेतली आणि स्वतःचा पदर तपासला. दिवे त्याच रात्री उतरवले. पुढच्या वर्षी डॉल्बी आली, तिचे हादरे तुम्हालाही बसले असतील.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

एलिआसन जन्मला 1967 साली कोपनहेगनला, घराणं आइसलँडचं, स्टुडिओ 1995 पासून बर्लिनमध्ये. 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये त्यानं सूर्य उगवला. तोही अर्धाच, त्याच पिवळ्या दिव्यांचा. उरलेला अर्धा छताच्या आरशातलं प्रतिबिंब पुरं करायचं. वीस लाखांवर माणसं आली आणि चक्क जमिनीवर उताणी पडून वर स्वतःला शोधत बसली. त्याआधी त्यानं वेगवेगळ्या शहरांतल्या नद्यांत निरुपद्रवी हिरवा रंग सोडला होता, कुणाला न सांगता. 2000 साली स्टॉकहोममध्ये लोक थबकून आपलीच नदी बघू लागले. आपली पंचगंगा कलाकाराशिवायच रंग बदलते, आणि थबकत कोणी नाही. 2015 मध्ये पॅरिसला हवामान परिषद चालू असताना ग्रीनलंडच्या बर्फाचे बारा ठोकळे चौकात मांडले. लोक हात लावत होते, ते वितळत होते.

आता मुद्दा, दोन मिनिटांत. हे सगळं जमतं कारण चौक, नदी, हॉल मोकळे असतात. आपल्याकडं किरणोत्सव आहे. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतं. ही रचना एकट्या देवळाची नाही. पश्चिमेकडची सगळी मोकळी जागा तिच्यात धरलेली आहे. तिथं एक मजला चढला की ऊन अडतं. आपण मात्र किरण पोचले का एवढंच विचारतो आणि दोष ढगांना देतो. माझं म्हणणं, त्या उन्हाची वाट शहराच्या नकाशावर रेघ मारून दाखवा आणि त्या रेघेत बांधकामाला परवानगी देऊ नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सनासुद्धा. त्यावरचे चेहरे आम्हाला पाठ झालेत.

हॉलवाले किल्ल्या वाजवतायत. प्रश्न असतील तर खाली चहाच्या गाड्यावर या.